‘कमरेतून वाका’ म्हणजे नेमके कुठून?

मोबाइलवरच्या चॅटबॉटला दुखणे सांगून व्यायाम विचारणारे रुग्ण आता नांदेड-लातूरच्या सरकारी दवाखान्यांतही नवलाचे राहिलेले नाहीत. कंबर, गुडघा, आखडलेला खांदा, चक्कर. बहुधा मुलगा किंवा सून विचारते, मोबाइल मराठीत उत्तर देतो आणि घरातले मोठे माणूस ते करू लागते. यादी आमच्यासमोर येते ती दुखणे वाढल्यावर. अशा याद्या मी आवर्जून वाचतो. त्यात घोर वैद्यकीय चूक क्वचितच असते. व्यायाम ओळखीचेच असतात, वाक्येही शुद्ध असतात. गडबड होते ती शब्द वाचून शरीर हलवताना.

एक नमुना पाहा. कंबरदुखीच्या रुग्णाने जमिनीवरची वस्तू उचलताना कसे वाकावे, याची एक सर्वमान्य सूचना आहे. पाठ आहे तशीच ठेवायची, घडी खुब्याच्या सांध्यात पडू द्यायची, गुडघे थोडे दुमडायचे. इंग्रजीत यासाठी ‘हिप’ हा शब्द आहे. मराठीत येताना त्याचे झाले ‘कमरेतून वाका’. आता आपल्याकडे कंबर म्हणजे काय? साडीची गाठ बसते ती जागा, करगोटा असतो ती जागा. म्हणजे मणक्याचा खालचा भाग. रुग्ण आज्ञाधारकपणे तिथूनच वाकतो आणि ज्या मणक्यांवरचा ताण टाळायचा, नेमका त्यांच्यावरच तो येतो. ‘खुबा’ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो आठवतो म्हातारपणी पडून हाड मोडल्यावर. व्यायाम सांगताना कोणी ‘खुब्यातून वाका’ म्हणत नाही. बाधक वाकणे आणि रक्षक वाकणे यांत एका शब्दाचा फरक आहे आणि तो शब्द भाषांतरात बदलला.

‘पाय वर करा’ हेही तसेच. मराठीत पाय मांडीपासून बोटांपर्यंत सगळा. गुडघा सरळ ठेवून अख्खा पाय उचलायचा की नुसते पाऊल घोट्यात वर ओढायचे? पहिला व्यायाम मांडीच्या स्नायूंचा, दुसरा पोटरीतले रक्त खेळते ठेवण्याचा. ‘पाठ सरळ ठेवा’ म्हटले की अनेक जण छाती पुढे काढून कवायतीतल्या शिपायासारखे ताठ होतात. आम्हाला अपेक्षित असते ती पाठीची नैसर्गिक, किंचित कमानदार ठेवण.

शब्दांतून देहस्थिती उभी करण्याचा हा प्रश्न आता संगणकशास्त्राच्या एका शाखेने हाती घेतला आहे. वाक्य द्यायचे, यंत्राने त्या वाक्यातल्या माणसाची त्रिमितीय आकृती तयार करायची. ‘डावा गुडघा जमिनीवर, उजवा काटकोनात, दोन्ही हात डोक्यावर’ असे लिहिले की पडद्यावर तसा माणूस दिसला पाहिजे. सिनेमा आणि खेळांच्या कंपन्यांना यात रस आहेच. पण फिजिओथेरपी, योग आणि दूरस्थ उपचार यांच्यासाठीही हे साधन येऊ घातले आहे. म्हणून ते कसे चालते ते थोडे पाहू.

पायाभूत काम २०१५ सालचे आहे. ‘एसएमपीएल’ नावाचे मानवी देहाचे एक गणिती प्रारूप त्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात शरीराचा पृष्ठभाग ६,८९० बिंदूंनी बनतो आणि देहस्थिती २४ जागांच्या फिरण्याने ठरते. प्रत्येक जागेला तीन आकडे, म्हणजे ७२ आकडे झाले. तुम्ही हे वाचत खुर्चीत बसला आहात, ती बैठक या हिशेबात ७२ आकड्यांची एक रांग आहे. जाड-बारीक, उंच-ठेंगणे हे घाट आणखी थोड्या आकड्यांनी सांगायचे. २०१९ मध्ये ‘अमास’ हा संग्रह आला. निरनिराळ्या प्रयोगशाळांत अंगावर खुणा चिकटवून टिपलेल्या ४० तासांहून अधिक हालचाली त्यात या एकाच प्रारूपात बसवल्या.

मग शब्द जोडण्याचे काम. २०२२ मध्ये ‘पोझस्क्रिप्ट’ या प्रकल्पात माणसांकडून अशा आकृत्यांची वर्णने लिहून घेतली. ती काही हजारच होती, म्हणून पुढची युक्ती केली. सांध्यांचे कोन मोजायचे आणि ‘किंचित वाकलेला’, ‘काटकोनात’, ‘पूर्ण दुमडलेला’ अशा कप्प्यांत टाकून नियमांनी वाक्ये तयार करायची. त्याच वर्षी ‘ह्यूमनएमएलथ्रीडी’ या संग्रहात १४,६१६ हालचालींना ४४,९७० वर्णने जोडली गेली. पुढे जर्मनीतील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी ‘चॅटपोझ’ तयार केले. त्यात भाषा मॉडेललाच देहस्थितीचे एक खास चिन्ह शिकवले. संभाषणात ते चिन्ह आले की त्यातून ७२ आकडे उलगडतात. अशा मॉडेलला शरीराचे थेट वर्णन द्यावे लागत नाही. ‘दमून आलेला माणूस कसा बसेल?’ असे विचारले तरी ते जगाविषयीच्या आपल्या सामान्य ज्ञानावरून अंदाज बांधते. २०२३ मधला ‘पोझफिक्स’ हा प्रकल्प मला वैद्य म्हणून सर्वांत कामाचा वाटतो. त्यात दोन देहस्थितींमधला फरक शब्दांत सांगायला यंत्राला शिकवले आहे. ‘कोपर आणखी वर, मान थोडी मागे.’ फिजिओथेरपिस्ट दिवसभर हेच तर बोलत असतो.

इथवर कौतुकच. आता या यंत्रांचे गुरू कोण, तेही पाहिले पाहिजे.

एसएमपीएलमधला देहाचा घाट शिकवला गेला तो अमेरिका आणि युरोपातील काही हजार प्रौढांच्या शरीराच्या मोजणीवरून. हालचाली टिपल्या गेल्या प्रयोगशाळांमध्ये. चालणे, धावणे, उड्या, नाच, लाथा, चेंडू फेकणे. सांधा कुठवर फिरू शकतो याच्या मर्यादा ठरवण्यासाठी २०१५ च्या एका अभ्यासात मुद्दाम कसलेले खेळाडू आणि जिम्नॅस्ट घेतले होते, कारण शरीर जास्तीत जास्त किती वळते ते त्यांनाच दाखवता येणार. संशोधनाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण ज्याला ‘मानवी देहाला शक्य’ म्हटले जाते त्याचे माप अशा लवचीक शरीरांनी ठरवलेले आहे. संधिवाताने गुडघे झिजलेली, मधुमेहाने खांदा आखडलेली साठीची बाई त्या मापात कुठे बसते?

वर्णनेही इंग्रजी. आपण मराठीत लिहिले की मध्ये कुठेतरी ते इंग्रजीतून जाण्याचा संभव मोठा. ‘उकिडवे बसणे’ हा आपला शब्द घ्या. नितंब टाचांना टेकलेले, गुडघे छातीशी, वजन पावलांवर. इंग्रजीत त्याला ‘स्क्वॉट’ म्हणतात आणि व्यायामशाळेत खांद्यावर वजन घेऊन अर्धवट खाली जाण्यालाही ‘स्क्वॉट’च म्हणतात. आपल्या बैठकांच्या जातीचा तो प्रकार. डॉक्टरने लिहिले ‘उकिडवे बसू नका’ आणि यंत्राने चित्र काढले जिममधल्या तरुणाचे, तर आमची बाई म्हणणार, ‘मी कुठं असलं करते?’ आणि परत उकिडवी बसून भाकरी थापणार.

मराठवाड्यातल्या बायकांचा अर्धा दिवस या बैठकीत जातो. खुरपणी करताना तर उकिडव्यानेच पुढे सरकायचे असते, एक गुडघा वर आणि एक खाली, हातात खुरपे. सोयाबीनच्या काढणीत ओणवे होऊन विळा चालवायचा. कापूस वेचताना वाकायचे ते तासन् तास, तेही ओटीत भरलेल्या कापसाचे वजन घेऊन. अशा हालचाली अंगाला खुणा चिकटवून टिपाव्यात, हे पश्चिमेतल्या प्रयोगशाळेत कोणाला सुचणार? आणि गुडघेदुखीचे, कंबरदुखीचे आमचे निम्मे काम याच हालचालींशी आहे. ‘शेतीकाम बंद करा’ हा सल्ला आमच्या रुग्णाला देणे सोपे असते, तिला तो पाळणे शक्य नसते. तेच काम करताना अंग कसे धरावे, हे दाखवावे लागते.

यापेक्षाही खोल अडचण अशी, की देहस्थिती म्हणजे व्यायाम नाही. गुडघ्याच्या संधिवातात आम्ही पहिला व्यायाम देतो तो असा: उताणे झोपा किंवा पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, मांडीचा स्नायू आवळून गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, मनात पाच आकडे मोजा, सोडा. करणारा आणि नुसता पडून राहिलेला, दोघांच्या सांध्यांचे ७२ आकडे जवळजवळ सारखेच येतील. बाळंतपणानंतर लघवी सुटण्याच्या तक्रारीसाठी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम असतात. ते तर बाहेरून दिसतच नाहीत. जिथे औषध स्नायूच्या जोरात आहे, तिथे आकृती मुकी असते. तसेच भाराचे. मोकळ्या हाताने वाकलेला आणि खताचे पोते उचलण्यासाठी वाकलेला, आकृतीत एकच. मणक्याला मात्र त्यात जमीन-अस्मानाचा फरक कळतो. नुसत्या कोनांच्या प्रारूपाला जमीन कुठे आहे, वजन कुठल्या पायावर आहे, हे वेगळे शिकवावे लागते. म्हणून अशा आकृत्यांचे पाय कधी अधांतरी राहतात, कधी हात पोटातून आरपार जातो. ते पाहून हसू येते, पण ते निदान चुकले हे कळते तरी. जी चूक दिसत नाही ती अधिक वाईट.

डावे-उजवे हे अशा न दिसणाऱ्या चुकीचे उदाहरण. समोरच्या आकृतीचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. आरशात पाहिल्यासारखे करायचे की आकृतीच्या जागी स्वतःला ठेवायचे? खांद्याच्या व्यायामात याने फार बिघडत नाही. चक्करेच्या एका आजारात मात्र सगळे यावरच आहे. कूस बदलली किंवा वर पाहिले की घर गरगर फिरते आणि मिनिटभरात थांबते, असा हा आजार. आतल्या कानातले बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरल्याने तो होतो. त्यावर गोळीपेक्षा गुणकारी उपाय आहे डोके ठरावीक क्रमाने फिरवण्याचा. अमेरिकेतील कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी तो १९९२ मध्ये सविस्तर मांडला. उजवा कान दोषी असेल तर बसल्या बसल्या डोके ४५ अंश उजवीकडे, तसेच झटकन उताणे, डोके खाटेच्या कडेखाली किंचित लोंबते. चक्कर थांबेपर्यंत थांबायचे. मग डोके ९० अंश डावीकडे. मग डाव्या कुशीवर वळून नजर जमिनीकडे, आणि शेवटी उठून बसायचे. संपूर्ण उपचार म्हणजे देहस्थितींची एक मालिका. औषध म्हणून दुसरे काहीच नाही. बाजू चुकली तर गुण येत नाही, उलट चक्कर आणि उलट्यांनी रुग्ण हैराण होतो. मानेचे मणके झिजलेले असतील, मानेच्या रक्तवाहिनीचा विकार असेल, तर मान अशी मागे टाकण्याआधीच विचार करायला हवा. दोषी कान कोणता, हे डॉक्टर रुग्णाला आडवे करून डोळ्यांची थरथर पाहून ठरवतात. ते ठरण्याआधी कितीही सुबक आकृती मिळाली तरी तिचा उपयोग नाही.

शब्दांनी देह घडवण्याची कला आपल्याकडे नवी नाही, हे इथे सांगितले पाहिजे. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून पुढे दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. दंड, बैठका, कुस्ती, मल्लखांब असा सगळा व्यवहार त्यात मराठी शब्दांत बांधला आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ मधल्या ‘लाइट ऑन योगा’ या इंग्रजी पुस्तकात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत, आणि तरीही प्रत्येक आसनाला पायरी-पायरीचे शब्द आहेत. चित्र असताना शब्द कशाला? कारण चित्र शेवटची अवस्था दाखवते. तिथवर कसे जायचे, कुठे जोर लावायचा, कुठे सैल सोडायचे, हे शब्दच सांगतात. अय्यंगारांनी पुढे पट्टे, ठोकळे, खुर्च्या वापरून आसन रुग्णाच्या शरीराजवळ आणले. पुस्तकातल्या आकृतीसारखे शरीर वळत नसेल तर आकृतीने थोडे नमते घ्यावे, ही दृष्टी यंत्र बनवणाऱ्यांनी उचलण्यासारखी आहे.

आणि अगदी अलीकडचे एक मराठमोळे उदाहरण. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बाल पोषणाचे आरोग्यविषयक धडे तयार झाले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यातला एक धडा बाळाला अंगावर पाजताना कसे धरावे यावर आहे. उजव्या बाजूला पाजायचे तर बाळ डाव्या हातावर, त्याचे पोट आईच्या पोटाला लागलेले, मानेला तळहाताचा आधार, हनुवटी स्तनात रुतलेली. पकड खोल बसली तर दूध नीट मिळते आणि आईला इजा होत नाही. दोन देहांची एकमेकांत गुंतलेली ही स्थिती संगणकाला आजही अवघड आहे. मुंबईतल्या मंडळींनी ती साध्या चित्रफितीवर मराठी आवाज चढवून सांगितली. आधी वर्णन अचूक केले, मग तंत्र लावले. हा क्रम मला पटतो.

तरी या नव्या तंत्राला हात जोडून निरोप द्यावा, असे मी म्हणणार नाही. त्याचे दोन उपयोग मला ठळक दिसतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात वर नेण्याचे व्यायाम, बाळंतिणीचे व्यायाम, हे दाखवायला खरी बाई चित्रफितीत नको असते. बघणारीलाही संकोच वाटतो. चेहरा नसलेली, नीट कपडे घातलेली, रुग्णाच्या वयाची आणि बांध्याची आकृती तिथे फार सोयीची. दुसरा उपयोग अंतराचा. किनवट-माहूरकडच्या वाडीतून किंवा देवणी-निलंग्याच्या टोकाकडून माणूस फिजिओथेरपीच्या दहा बैठकांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी येत नाही. बसभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब तो करतो. ई-संजीवनीवरून डॉक्टर बोलतो, पण अंग दाखवत नाही. डॉक्टरच्या वाक्यातून तिथल्या तिथे एक आकृती तयार होऊन आरोग्यसेविकेच्या मोबाइलवर गेली, तर कामाला येईल. मात्र ती पाठवण्याआधी डॉक्टरने डोळ्यांखालून घातलीच पाहिजे.

त्यासाठी वर्णनांचा संग्रह आपला लागेल, आणि तो आवाक्याबाहेरचा नाही. पोझस्क्रिप्टने सुरुवात केली ती माणसांनी लिहिलेल्या काही हजार वर्णनांवर. नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संगणकाचे संकुल आहे, भाषांचेही आहे. फिजिओथेरपिस्ट, भाषेचे विद्यार्थी आणि संगणकाचे विद्यार्थी एकत्र बसले तर वर्षा-दोन वर्षांत उकिडवे, ओणवे, फतकल, पालथे, चवड्यावर, मांडी घालून अशा शब्दांना आकृत्या जोडता येतील. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तांड्यांवर गोरमाटी आणि शहरांत दखनी, इतक्या भाषांतून आमचे रुग्ण ‘वाकताना दुखतं’ हे सांगतात. ते शब्दही टिपावेत. रुग्णांची छायाचित्रे यासाठी लागत नाहीत, सांध्यांचे आकडे पुरतात. छायाचित्र घेतलेच तर लेखी संमती आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे भान हवे. शब्दांवरून हवी तशी देहस्थिती काढणारे तंत्र कुणाच्याही चेहऱ्याला कुठलेही अंग जोडण्याच्या धंद्यालाही उपयोगी पडते, हे विसरून चालणार नाही.

तोवर घरी ज्यांच्या मोबाइलमध्ये अशी यादी आहे, त्यांनी एक करून पाहावे. एकाने सूचना मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने स्क्रीन न बघता फक्त ऐकून तसे करावे, तिसऱ्याने पाहावे. तिघांचे ‘बरोबर’ वेगळे निघाले, तर तो व्यायाम त्या शब्दांवर विसंबून करू नये. कागद घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जावे, एकदा त्याच्यासमोर करून दाखवावे आणि घरच्या माणसाला त्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगावा. पुढे तोच व्हिडिओ पाहून करावे. तुमच्याच शरीराचा, तुमच्याच मर्यादेतला. व्यायाम करताना स्नायू ओढल्यासारखे वाटणे चालते. कळ नितंबातून पायात उतरली, पाय बधिर किंवा लुळा वाटू लागला, छातीत दडपले किंवा श्वास लागला, तर तिथेच थांबावे आणि दवाखाना गाठावा. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर सकाळची ओपीडी सुरू होण्याची वाट पाहू नये, रात्रीच अपघात विभागात यावे. चक्कर येताना बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल किंवा एका बाजूचा हात-पाय गळाला असेल, तर तो कानाचा आजार समजून डोके फिरवत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो, आणि तिथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते.